क्वार्टर तीच, फटका वेगळा

गावात पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, पोरांचं पिणं वाढलंय का? उत्तर ठरलेलं असतं. "लई वाढलंय. आमच्या टायमाला असं नव्हतं." सरकारी पाहणीचे आकडे मात्र उलटं सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 साली देशातल्या 15 ते 49 वयाच्या पुरुषांपैकी 29 टक्के पिणारे निघाले होते. 2019-21 च्या पाहणीत ते 22 टक्क्यांवर आले. 15 वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांचा हिशोब धरला तर देशात 19 टक्के पितात, महाराष्ट्रात 14 टक्क्यांच्या आसपास. राज्यातल्या बायकांत तर अर्धा टक्काही नाही.

पारावरची माणसं उगाच बोलत नाहीत आणि आकडेही खोटे नाहीत. दोघं वेगवेगळ्या गोष्टी बघतात. पूर्वी पिणारा माणूस अंधार पडल्यावर गावाबाहेरच्या हातभट्टीवर जायचा आणि बांधाबांधाने गुपचूप परत यायचा. आता फाट्यावर ढाबा आहे, त्याला लागून बार अँड परमिट रूम आहे. वरातीत डीजेपुढे नाचणाऱ्या पोराच्या हातातल्या बाटलीत नुसतं पाणी नाही हे सगळ्यांना कळतं, आणि रात्री तोच व्हिडिओ स्टेटसला असतो. पिणं उघड्यावर आलंय, आणि उघड्यावर आलेली गोष्ट वाढल्यासारखी वाटतेच.

पाहणीची बाजूही तपासून घ्यावी लागते. टॅब घेऊन आलेला अनोळखी माणूस 16 वर्षांच्या पोराला विचारतो, दारू पितोस का? एकांतात विचारायचं असा नियम असतो, पण दोन खोल्यांच्या घरात एकांत आणायचा कुठून? आई चुलीपाशी, आजी उंबऱ्यात. पोरगं "नाही" म्हणून मोकळं होतं. त्यामुळे पोरांच्या पिण्याचे आकडे खऱ्यापेक्षा थोडे कमीच आलेत असं धरून वाचावेत.

फक्त लहानांकडे बघायचं तर दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राचा 2019 चा अहवाल आहे. देशात 10 ते 75 वयातले 14.6 टक्के लोक पितात, आणि 10 ते 17 वयातली 1.3 टक्के मुलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या वयाची मुलंच आपल्याकडे इतकी आहेत की हा आकडा 25-30 लाखांच्या घरात जातो. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर असलं हुंगण्याचं व्यसन हा एकच प्रकार असा आहे ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त निघालं. मुलांत 1.17 टक्के, मोठ्यांत 0.58. दारूला पैसे लागतात, पंक्चरच्या ट्यूबला फारसे लागत नाहीत. व्यसन कोणतं लागायचं हेही खिशावर ठरतं, ते असं.

आणि खरा मुद्दा खिशाचाच आहे. "किती पोरं पितात" हा प्रश्न आपण सारखा विचारतो. "पिणाऱ्या पोरांपैकी कुणाचं वाटोळं होतं" हा प्रश्न क्वचित विचारतो. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं सारखी नाहीत.

आधी एका क्वार्टरचा हिशोब

विदेशी म्हणून जी दारू आपल्याकडे विकली जाते (व्हिस्की, रम वगैरे) तिच्यात अल्कोहोलचं प्रमाण 42.8 टक्के असतं. क्वार्टर 180 मिलीची. म्हणजे तिच्यात साधारण 77 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे 60 ग्रॅम. हा 60 चा आकडा लक्षात ठेवा, कारण जागतिक आरोग्य संघटनेने एका बैठकीत जास्तीचं पिणं कशाला म्हणायचं त्याची रेषा नेमकी इथेच आखली आहे. एका वेळी 60 ग्रॅम किंवा त्याहून जास्त.

आपल्याकडे क्वार्टर म्हणजे सुरुवात समजली जाते. दोघांत एक घेतली तर "काहीच नाही घेतली यार". बाहेरच्या मोजपट्टीने एकट्याने एक क्वार्टर रिचवली की गडी रेषेवर पोचलेला असतो. आणि ही रेषा सगळ्यांसाठी एकच आहे. 15-16 वर्षांचं 42-45 किलोचं पोरगं तीच क्वार्टर घेतं तेव्हा अल्कोहोल पसरायला त्याच्या अंगात जागाच कमी असते.

बिअरचाही हिशोब करून टाकू, कारण "बिअर म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यावर ठाम विश्वासाने बोललं जातं. 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग बिअर घ्या. तिच्यात 41 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल निघतं, म्हणजे क्वार्टरच्या दोन तृतीयांश. 5 टक्क्यांची माइल्ड घेतली तरी 25-26 ग्रॅम. दीड स्ट्राँग म्हणजे एक क्वार्टर. यात फेसाचा काही संबंध नाही.

आपल्याकडची पिण्याची तऱ्हाही यात धरावी लागते. मराठवाड्यात न पिणाऱ्यांची संख्या मोठी आहे. माळकरी घरं आहेत, मुसलमान घरं आहेत, ज्या घरात बाटली कधी आलीच नाही अशी कितीतरी आहेत. पण जो पितो तो जेवणाबरोबर घोटभर घेऊन थांबत नाही, संपेपर्यंत पितो. एम्सच्या अहवालातलेच आकडे मांडून बघा. एकूण लोकांपैकी 14.6 टक्के पिणारे, आणि एकूण लोकांपैकीच 5.2 टक्के असे, ज्यांचं पिणं अपायकारक किंवा व्यसनाच्या पातळीवर गेलंय. म्हणजे पिणाऱ्या दर तिघांत एकाहून जास्त. शिकणारं पोरगं आजूबाजूला बघून शिकतं, आणि आजूबाजूला घोटभर पिणारा माणूस त्याला दिसतच नाही.

दोन पोरं

आता समजा दोन पोरं आहेत, दोघंही 17 वर्षांची.

एक छत्रपती संभाजीनगरात. बाप नोकरीत, पोरगं नीटच्या क्लासला. महिन्यातून एकदा मित्राच्या फ्लॅटवर "बसतात". स्विगीवरून चकणा येतो, रात्र तिथेच निघते.

दुसरं बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरचं किंवा तांड्यावरचं. दसरा-दिवाळी झाली की आई-बाप मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरगं आठवी-नववीपर्यंत आजीजवळ राहिलं, मग टोळीबरोबर जाऊ लागलं. हाताशी आलेलं पोरगं घरी ठेवणं उचल घेतलेल्या बापाला परवडत नाही.

फडातला दिवस कसा असतो ते बाहेरच्याला लवकर ध्यानात येत नाही. उजाडायच्या आधी तोड सुरू. तोडलेला ऊस साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. गाडी कधी येईल त्याचा नेम नाही, रात्री 2 ला आली तरी उठून भरायची. कोपीवर (झोपडीवर) परत आल्यावर अंग मोडून आलेलं असतं. अशा वेळी शेजारच्या कोपीतला कुणीतरी मोठा माणूस म्हणतो, "घे जरासक, अंग हलकं होतं." पहिली दारू इथे मौजेची नसते, अंगदुखीच्या गोळीसारखी येते, आणि देणारा वाईट संगतीतला नसतो, आपल्याच टोळीतला असतो. हातात पैसेही असतात. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून रोकड मिळते, आठवड्याची खर्ची मिळते. शाळेतल्या पोराला पैसे मागावे लागतात, कोयता धरलेल्या पोराला मागावे लागत नाहीत. तो कमावता झाला, मग त्याला कोण बोलणार?

आणखी एक गोष्ट, हवं तर विषयांतर म्हणा. उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढतात आणि त्या अल्कोहोलची देशी होते. पोरगं जो ऊस तोडतं त्याची मळी कुठे ना कुठे बाटलीत उतरते.

आता ही दोन्ही पोरं सारखंच पितात असं धरू. शहरातल्या पोराच्या बाबतीत काय होतं? उलटी, दुसऱ्या दिवशी डोकेदुखी, फार तर घरी कळलं तर दोन महिने मोबाइल बंद. रात्री मित्राने गाडी ठोकली तर दहा-वीस मिनिटांत दवाखाना. पोलिसांनी धरलं तर बापाच्या ओळखी. क्लास बुडाला तर पुढच्या वर्षी पुन्हा.

दुसऱ्या पोराचं तसं नाही. उपाशी, अशक्त शरीर. रिकाम्या पोटी दारू घेतली की यकृताचं साखर तयार करण्याचं काम अडतं, आणि रक्तातली साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. लोक म्हणतात "चढली, झोपू द्या", आणि ते पोरगं खरं तर बेशुद्धीकडे चाललेलं असतं. झोपायची जागा म्हणजे फडाच्या कडेला, ट्रॅक्टरच्या वाटेवर. अपघात झाला तर आधी तालुक्याचं रुग्णालय, तिथून पुढे पाठवतात, घाटीला (संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा नांदेडला पोचेपर्यंत पहाट होते. हात मोडला तर हंगाम गेला, हंगाम गेला तर उचल अंगावर राहिली, आणि राहिलेली उचल पुढच्या वर्षीच्या करारात चढते. पोराच्या एका रात्रीचा हिशोब बाप दोन हंगाम फेडतो.

याला संशोधक अपायाचा विरोधाभास म्हणतात. ब्रिटनमध्ये तो पुन्हा पुन्हा दिसून आला आहे. गरीब थरातले लोक श्रीमंतांइतकंच किंवा कमी पितात, तरीही दारूमुळे होणारे आजार, रुग्णालयात भरती आणि मृत्यू गरिबांत जास्त. कारण दारू एकटी येत नाही. जोडीला तंबाखू असते, कुपोषण असतं, धोक्याचं काम असतं, उशिरा मिळणारा उपचार असतो. या सगळ्या गोष्टी दारूच्या अपायाला गुणतात.

मला स्वतःला यातून एक गोष्ट पटते. "पोरगं बिघडलं, संस्कार कमी पडले" हे आपलं आवडतं निदान अर्धंच खरं आहे. संस्कार दोघांवर सारखे झाले असते तरी दोघांचं नुकसान सारखं झालं नसतं.

मोजणीतून सुटलेली पोरं

परदेशात किशोरांच्या पिण्याबद्दल जे मोठे आकडे येतात ते बहुतेक शाळेत बसून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचे असतात. शाळा सोडलेलं पोरगं त्यात नसतं, आणि जास्त पिण्याची शक्यता नेमकी त्याचीच. हीच पद्धत मराठवाड्यात जानेवारी महिन्यात वापरली तर काय होईल? वर्गात बसलेल्या पोरांचा आकडा छान येईल. कोयता घेऊन गेलेलं पोरगं तेव्हा सांगलीला नाहीतर बेळगावकडे असेल. घरोघरच्या पाहणीतही कुलूप लावलेल्या घरातून उत्तर येत नाही.

म्हणून सरासरी खाली आली की लगेच खूश होऊ नये. इंग्लंडमध्ये 11 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी कधी ना कधी दारू चाखलेले 2003 मध्ये 61 टक्के होते, 2014 मध्ये 38 टक्के राहिले. मोठी घसरण आहे, आणि ती सगळ्या थरांत झाली. पण पिणं कमी झालं म्हणून गरीब-श्रीमंतांमधला अपायाचा फरक आपोआप मिटला नाही.

आइसलँडचं उदाहरण सगळ्यात जास्त सांगितलं जातं. 15-16 वर्षांच्या मुलांपैकी मागच्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायलेली 1998 मध्ये 42 टक्के होती, 2016 मध्ये 5 टक्के. त्यांनी भाषणं कमी केली आणि संध्याकाळ भरली. खेळाचे क्लब, संगीत, त्यासाठी घरांना पैशांची मदत, लहान मुलांनी रात्री उशिरा बाहेर राहायचं नाही असा नियम, आणि पालकांनी आपसांत केलेला ठराव की आपल्यापैकी कुणीच पोरांना दारू देणार नाही. आपण आइसलँड नाही, त्यांची सगळी लोकसंख्या आपल्या एका तालुक्याइतकी. तरी संध्याकाळचा मुद्दा इथेही लागू पडतो. पहाटे 5 ला रस्त्याच्या कडेने पोलीस-सैन्य भरतीसाठी पळणारी पोरं बघा. त्यांची रात्र लवकर संपते, कारण सकाळी पळायचं असतं. भरतीत नाव आलं नाही, वय निघून गेलं, की तीच संध्याकाळ रिकामी होते, आणि फाट्यावरचा ढाबा रोज उघडा असतो.

कायदा कागदावर कडक आहे

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइन घ्यायला 21 वर्षं पूर्ण लागतात, बाकी दारूला 25. शिवाय पिणाऱ्याकडे परवाना हवा. एक दिवसाचा परवाना देशीसाठी 2 रुपये, विदेशीसाठी 5 रुपये. काउंटरवर वय विचारलेलं कुणी शेवटचं कधी पाहिलं असेल ते सांगणं कठीण.

बालन्याय कायदा 2015 याहून गंभीर आहे. 18 वर्षांखालच्या मुलाला दारू दिली तर कलम 77 खाली 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. मुलाला दारू विकायला किंवा वाहून न्यायला वापरलं तर कलम 78 खाली तेवढीच शिक्षा. "जा रे, बाप्याच्या दुकानातून एक घेऊन ये" म्हणून पोराला पिटाळणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं. निवडणुकीच्या दिवसांत ढाब्यावर जेवणावळी उठतात तेव्हा मिसरूड न फुटलेली पोरं पंगतीत बसलेली असतात. त्यांना पाजणाऱ्यावरही कलम 77 लागू होतं.

कायदा सगळ्यांना सारखा लागतो का, याचं उत्तर मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या पोर्शे अपघाताने सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. दोन तरुण अभियंते गेले, दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या 17 वर्षांच्या मुलाला आधी 300 शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला. बार चालवणाऱ्यांवर कलम 77 लागलं ते त्यानंतर. फडातल्या पोराला निबंध लिहायला कुणी सांगितलं असतं असं वाटत नाही.

किमतीचं गणित जरा अवघड आहे. जून 2025 मध्ये राज्याने दारूवरचा कर वाढवला. देशीच्या 180 मिलीची किमान किंमत 80 रुपये झाली, विदेशीची 205. दारू महाग झाली की सगळ्यात आधी कमी पितात ती पोरं आणि गरीब माणसं, हे जगभर दिसलेलं आहे. पण आपल्याकडे कराच्या बाहेरही दारू आहे. विदेशी महाग झाली की माणूस देशीवर येतो, देशी परवडेना की हातभट्टीवर. हातभट्टीत काय मिसळलंय ते पिणाऱ्याला कळत नाही. कर वाढवायचा असेल तर त्याच दमात भट्ट्या बंद कराव्या लागतात, नाहीतर वाढलेल्या कराचा सगळा धोका सगळ्यात गरीब पोराच्या घशात जातो.

पोरींचं काय?

आकड्यांत पोरी जवळपास नाहीत, म्हणून त्यांच्यावर लिहिलंही जात नाही. पण बाप पितो त्या घरात पोरीची शाळा आधी सुटते, पाणी-स्वयंपाक-लहान भावंडं तिच्यावर येतात. 2019-21 च्या पाहणीत 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी ज्यांचं लग्न 18 च्या आत झालं होतं त्या परभणीत 48 टक्के, बीडमध्ये 44 टक्क्यांच्या आसपास. राज्याची सरासरी 22. याला दुष्काळ, स्थलांतर, हुंडा अशी बरीच कारणं आहेत, सगळं दारूच्या माथी मारता येत नाही. मात्र टोळीबरोबर नेता येत नाही आणि पिणाऱ्या माणसांत मागे ठेवता येत नाही अशी वयात आलेली पोरगी "उजवून टाकू" असं आई-बाप म्हणतात, तेव्हा दारू त्या निर्णयात असतेच. पोरगी स्वतः एक थेंब पीत नाही.

गावातल्या बायकांनी मात्र या विषयात पुरुषांपेक्षा जास्त काम केलंय. बायकांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आणि पुरेशी मतं आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूने, पडली तर दुकान बंद. हे हत्यार चांगलं आहे. दुकान बंद झाल्यावर किराणा दुकानातून पिशवीतली सुरू होणार नाही एवढं बघायला मात्र पुन्हा त्याच बायकांना रात्री जागावं लागतं.

टोळीतल्या पोरांसाठी एक साधी गोष्ट दसऱ्याच्या आधीच करता येते. हंगामी वसतिगृहात किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहात नाव घालणं. पोरगं फडात गेलंच नाही तर अंगदुखीची ती पहिली घोटभर टळते. शिक्षक आणि सरपंचांनी ही यादी उचल वाटायच्या आधी करायला हवी. नंतर केली तर नाव वसतिगृहाच्या यादीत आणि पोरगं फडात असं होतं.

घरात रोज पिणारं पोरगं असेल तर सगळ्यात घातक उपाय म्हणजे खोलीत कोंडून एका दिवसात बंद करायला लावणं. शरीराला रोजची सवय लागली असेल तर अचानक तोडल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, आणि दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. हे अंगात आलेलं नाही, त्याला मांत्रिक लागत नाही. सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात न्यायचं. फोनवर विचारायचं तर व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या त्रासासाठी 14416, मूल अडचणीत असेल तर 1098. तिन्ही मोफत आहेत, फोन करणाऱ्याने मराठीत बोलावं.